सेवेचे तास मोजू नयेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

शैक्षणिक वर्ष संपत आले की कॅथलिक शाळांच्या सेवा-उपक्रमांची वृत्ते आणि छायाचित्रे दैनिकांत येऊ लागतात : वृद्धाश्रमाला भेट, धान्यवाटप, जुन्या कपड्यांचे संकलन. या उपक्रमांमागील सद्भावनेविषयी मला शंका नाही. परंतु त्याच श्रद्धेत वाढलेली आणि कॅथलिक शाळेत अनेक वर्षे अध्यापन केलेली एक शिक्षिका म्हणून एक गोष्ट मला सातत्याने खटकत आली आहे. आपल्या शाळांत भक्ती आणि सेवा यांची फारकत होत चालली आहे. भक्ती सकाळच्या प्रार्थनेपुरती, महिन्यातील पहिल्या शुक्रवारच्या मिस्सापुरती (चर्चमधील मुख्य उपासनाविधीपुरती) आणि ऑक्टोबरमधील जपमाळेपुरती उरते. सेवा मात्र वहीत तासांच्या हिशेबाने नोंदवली जाते, तिचे प्रमाणपत्र मिळते आणि ते पुढील प्रवेशाच्या अर्जाला जोडले जाते.

तासांची वही वाईट हेतूने सुरू झाली नसणार. मुलांना शिस्त लागावी, टाळाटाळ होऊ नये, हाच त्यामागील विचार असावा. पण एकदा तास मोजायला लागले की कोणते काम निवडायचे हे ते तासच ठरवू लागतात. जेथे सही लवकर मिळते तेथे गर्दी होते आणि जेथे एका माणसाजवळ निमूटपणे बसावे लागते तेथे कोणी फिरकत नाही. येशूने डोंगरावरील प्रवचनात दानधर्माविषयी बोलताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू देऊ नये असे बजावले आहे. हा उतारा धर्मशिक्षणाच्या तासाला शिकवायचा आणि पुढच्याच तासाला सेवेच्या वहीवर शिक्का मारायचा, यातील विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. ती बोलून दाखवत नाहीत, एवढेच.

ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळातील दानपेटीचेही तेच. प्रार्थना, उपवास आणि दान ही या चाळीस दिवसांची परंपरेने चालत आलेली त्रयी आहे. मुलाने स्वतःच्या आवडीच्या एखाद्या गोष्टीला मुरड घालावी आणि वाचलेले पैसे गरजूला द्यावेत, हा तिचा साधा अर्थ. परंतु कोणत्या वर्गाची पेटी सर्वांत जड भरली याची घोषणा होऊ लागली की पालकांचे पाकीट उघडते, मूल मात्र काहीही न सोडता जिंकते. वर्गवार रकमा जाहीर करण्याची प्रथा तत्काळ बंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

इटलीतील धर्मगुरू आणि सालेशियन संघाचे संस्थापक डॉन बॉस्को यांच्या तुरिनमधील मुलांची हकीकत मला या संदर्भात फार मोलाची वाटते. १८५४ मध्ये त्या शहरात पटकीची साथ पसरली. रुग्णाच्या जवळ जायला घरची माणसेही धजत नव्हती, तेव्हा डॉन बॉस्को यांनी आपल्या वसतिगृहातील मुलांना हाक दिली आणि मोठी मुले आजाऱ्यांची शुश्रूषा करायला जाऊ लागली. मनाने ईश्वराच्या कृपेत राहा, असे त्यांनी मुलांना सांगितले आणि रुग्णाला हात लावल्यानंतर हात धुण्याची सक्तीही तितक्याच काटेकोरपणे केली. रुग्णांसाठी चादरी पुरेनाशा झाल्या तेव्हा डॉन बॉस्को यांच्या मातोश्री मार्गारिता यांनी वेदीवरचे वस्त्रसुद्धा काढून दिले, असे सालेशियन परंपरेत सांगितले जाते. मला ही गोष्ट वर्गात सांगताना प्रत्येक वेळी येथे थांबावेसे वाटे. वेदीवरचे वस्त्र आजाऱ्याच्या अंगावर गेले, त्यात वेदीचा अवमान झाला असे कोणाला वाटले नाही. कारण मिस्सामध्ये ज्याची उपासना होते तोच भुकेला, उघडा आणि आजारी होऊन आपल्यापुढे येतो, हे बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायातील वचन त्या घरात अक्षरशः खरे मानले जात होते. पुढे १८५६ मध्ये त्याच वसतिगृहातील चौदा वर्षांच्या दोमिनिक साव्हियो याने सवंगड्यांसह निष्कलंक मरियेच्या नावाने एक मंडळ सुरू केले. मरियामातेची भक्ती आणि नव्याने आलेल्या, एकट्या पडलेल्या किंवा हूड मुलांना सांभाळून घेणे, ही दोन्ही कामे त्या मंडळाने आपली मानली.

एकट्या पडलेल्या मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या शाळांत सेवेसाठी बस ठरवून दूर जावे लागते, असा समज का रूढ झाला असावा? मधल्या सुट्टीत ज्याच्या शेजारी कोणीही डबा उघडत नाही असा मुलगा प्रत्येक वर्गात असतो. रोज व्हरांडा पुसणाऱ्या मावशींचे नाव किती विद्यार्थ्यांना ठाऊक असते? ओल्या फरशीवरून चिखलाचे बूट घेऊन न जाणे, ही सेवेची पहिली पायरी मानायला काय हरकत आहे?

दूर जाऊच नये, असे मला म्हणायचे नाही. एकदा वृद्धाश्रमाच्या भेटीत छायाचित्रासाठी सर्वांना अंगणात बोलावले गेले, तेव्हा आठवीतील एक मुलगी आली नाही. मी पाहायला गेले, तर ती एका आजींच्या खाटेवर बसून त्यांच्या झग्याचे तुटलेले बटण लावत होती. आजींना सुईत दोरा ओवता येत नव्हता आणि बटण पूर्ण लागेपर्यंत त्यांना मुलीला सोडायचेही नव्हते. छायाचित्रात ती नाही. दुसऱ्या दिवशी वर्गाच्या प्रार्थनेत विनंत्या मांडण्याची वेळ आली तेव्हा तिने त्या आजींचे नाव घेऊन, त्यांच्या मुलाने त्यांना भेटायला यावे, अशी प्रार्थना केली. त्या वर्गात तोवर परीक्षा आणि पाऊस यांपलीकडे फारशा विनंत्या येत नसत.

म्हणून मुख्याध्यापकांना माझी विनंती अशी की, सेवेची प्रमाणपत्रे बंद करावीत आणि वर्षातून एकदा पाच ठिकाणी जाण्याऐवजी एकाच ठिकाणी वर्षभर जात राहावे, म्हणजे मुलांना माणसे नावाने कळतील. भेटीनंतरचा एक तास वेळापत्रकात राखून ठेवावा. येशूसंघ (जेझुइट) या धर्मसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस यांनी शिकवलेले दिवसाअखेरचे आत्मपरीक्षण येथे उपयोगी पडेल : आज मला कोण भेटले, कशाबद्दल आभार मानावेत, मी कोठे तोंड फिरवले. आधी दहा मिनिटे शांतता, मग ज्याला बोलावेसे वाटेल त्याने बोलावे. सगळी शाळा एकाच दिवशी उतरवण्यापेक्षा पाच-सहा मुलांचा गट नियमाने गेलेला बरा.

सक्ती नसेल तर मुले जाणारच नाहीत, असा आक्षेप सहकाऱ्यांकडून मी अनेकदा ऐकला आहे. सुरुवातीला कमी जातील, हे मान्य. पण जी जातील त्यांच्याकडून इतरांना जे कळेल ते परिपत्रकातून कळणार नाही. शिवाय आपल्या शाळांत अन्य धर्मांची मुले शिकतात आणि धर्माच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होऊ नये, असे कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले आहे. या मुलांनी प्रार्थनेच्या वेळी आपापल्या श्रद्धेनुसार शांत बसावे आणि सेवेच्या कामात बरोबरीने उतरावे. माझ्या अनुभवात त्यांच्यापैकी कित्येकांनी ते अधिक मनापासून केले आहे.

येशूसंघाचे तत्कालीन प्रमुख पेद्रो अरूपे यांनी ३१ जुलै १९७३ रोजी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे संघाच्या शाळांतील माजी विद्यार्थ्यांपुढे भाषण केले होते. इतरांसाठी जगणारी माणसे घडवणे हे शिक्षणाचे ध्येय असले पाहिजे, असे त्यांनी तेथे सांगितले आणि आम्ही तुम्हाला न्यायासाठी घडवले का, या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर नकारार्थीच द्यावे लागेल, अशी कबुलीही दिली. श्रोत्यांपैकी काही जण त्या भाषणाने दुखावले गेले. एवढ्या मोठ्या पदावरील व्यक्तीने आपल्याच शाळांविषयी तो प्रश्न विचारला, तर तो आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनी आणि पालक-शिक्षक सभांनी वर्षातून एकदा तरी विचारायला हवा. अहवालातील उपक्रमांची यादी हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

संपादक महोदय, शेवटी एक विनंती आपल्यालाही. शाळांकडून आलेली सेवा-उपक्रमांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना ज्यांना मदत मिळाली त्यांचे चेहरे कृपया छापू नयेत. हातात धान्याची पिशवी घेऊन रांगेत उभ्या केलेल्या वृद्धांना त्या छायाचित्रासाठी कोणी विचारलेले नसते. शाळेचे नाव आणि कामाचे स्वरूप एवढी माहिती वृत्तासाठी पुरेशी आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका