आत्या, तुझ्यामुळे मला आमचं घर सापडलं

प्रिय आत्या,

हे पत्र तुला तुझा नातू वाचून दाखवेल, त्याला सांगितलंय की सावकाश वाच, मधेच गाळू नकोस. सगळ्यांसमोर लिहितेय कारण तू जे केलंस ते चार लोकांना कळावं असं मनापासून वाटतं, आणि फोनवर बोलायला गेले की माझा आवाज भरून येतो आणि तू "बरं बरं, जेवलीस का" म्हणून विषय बदलतेस.

मी सायकॉलॉजिस्ट आहे, पुण्यात प्रॅक्टिस करते, रोज लोकांचं दुःख ऐकते. नवीन माणूस आला की आम्ही त्याच्या घराचा तीन पिढ्यांचा नकाशा काढतो, जीनोग्राम म्हणतात त्याला. पुरुष म्हणजे चौकोन, बाई म्हणजे वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली. शिकत असताना स्वतःचाही काढावा लागतो, तसा मी काढला होता आणि पप्पांच्या बाजूला सगळी नावं नीट भरली होती, पण घर, शेत, नदी यातलं काहीच त्या कागदावर आलं नाही आणि मला ते खटकलंही नाही. पाण्याखाली गेलेल्या गावाची खूणच नाहीये ना त्यात.

पप्पा कसे होते तुला माहितीये. पिंपरीच्या घरात तीस वर्षं राहिले पण भिंतीला खिळा ठोकू द्यायचे नाहीत, पलंगाखाली एक लोखंडी ट्रंक कायम बांधून तयार. पावसाळ्यात पेपर आला की आधी उजनी धरण किती टक्के भरलं ते बघायचे, आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की बोटांवर दिवस मोजायचे, मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत. मला वाटायचं शेतकऱ्याचा मुलगा आहे, पाण्याची काळजी असेल. पुढे शिकले तेव्हा त्या ट्रंकेला मी मनातल्या मनात ॲन्झायटी असं नाव देऊन टाकलं आणि विषय संपवला. एकदाही विचारलं नाही की पप्पा, यात काय आहे. याचं मला आजही फार वाईट वाटतं.

२०२२ ला ते गेल्यावर ती ट्रंक उघडली तर त्यात बुडालेल्या जमिनीचा सातबारा, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. तो घेऊन मी तुला फोन केला आणि तू एवढंच म्हणालीस, "उजनी मायनसमधी गेली की ये, दावते."

मे २०२४ मध्ये ती गेली, उणे साठ टक्क्यांच्या जवळ, म्हणजे वापरायचं पाणी संपून त्याच्याही खूप खाली. पळसदेवचं जुनं मंदिर विटांच्या शिखरासकट वर आलेलं, बघायला गाड्याच्या गाड्या भरून लोक येत होते. तू तिथे थांबलीच नाहीस. लांबूनच हात जोडलेस आणि मला भेगाळलेल्या गाळातून पुढे घेऊन गेलीस, चप्पल हातात, पायाखाली शिंपले करकर वाजतायत, आणि कुठलीही खूण दिसत नसताना तू मात्र "हितं वळायचं, हितं पार व्हता" असं म्हणत गल्लीतून चालल्यासारखी चाललीस. धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं तळाचं ६३ टीएमसीहून थोडं जास्त पाणी हिशोबात मृतसाठा म्हणून धरतात, हे मी रस्त्यात तुला मोठ्या उत्साहाने सांगत होते, तर तू म्हणालीस, "मृतसाठा म्हणत्यात व्हय त्याला? आमी तिथंच ऱ्हात व्हतो."

मग तू एका जागी थांबलीस. जात्याची खालची तळी होती, तडकलेली, म्हणूनच उठताना नेली नव्हती म्हणालीस, बाकी तुळया चौकटी सगळं बैलगाडीत घालून नेलं होतं. तू खाली बसलीस, डोक्यातली पिन काढलीस आणि मधल्या भोकातला वाळलेला गाळ उकरायला लागलीस, हळूहळू, कान साफ करावा तसा. भोक मोकळं झाल्यावर पदराने पुसलंस आणि मला म्हणालीस, "तुझी आजी हितं बसायची, तोंड उगवतीला करून. बस." मी बसले. तू काहीच बोलली नाहीस. आमचं सेशन पन्नास मिनिटांचं असतं, त्या दिवशी आपण किती वेळ बसलो मला खरंच सांगता येणार नाही, ऊन उतरेपर्यंत.

पॉलिन बॉस नावाच्या अमेरिकन बाईंनी ॲम्बिग्युअस लॉस अशी एक कल्पना मांडलीये, म्हणजे माणूस धड गेलेलाही नाही आणि धड आहे असंही नाही, म्हणून रडताच येत नाही. मी हे परीक्षेसाठी वाचलं होतं आणि त्यात चांगले मार्कही मिळवले होते. पण धरण १९८० ला पूर्ण झालं तेव्हापासून पप्पा रोज पेपरात आपलं घर किती खाली आहे ते बघत होते, हे मला त्या तळीवर बसल्यावर कळलं. ते घाबरट नव्हते, तुटक नव्हते. त्यांना रडायला जागाच ठेवली नव्हती कुणी, धरण झालं, ऊस झाला, सगळ्यांचं भलं झालं, मग हा माणूस कुणापुढे रडणार होता?

आता माझ्याकडे कुणी आलं की मी पहिल्याच भेटीत विचारते, गाव कुठलं, आता तिथे काय आहे, शेवटचं कधी गेला होता. कितीतरी जण या प्रश्नाला गप्प होतात आणि मग जे बोलायला लागतात ते आधी कधीच बोललेले नसतात. ही विद्या मला तू दिलीस आत्या, कॉलेजात नव्हती.

आणि निघताना मी तुला म्हणाले ते आठवतंय का, की पप्पांच्या अस्थी आळंदीला सोडल्या, हे आधी माहिती असतं तर इथे आणल्या असत्या. तू चप्पल पायात घालत होतीस, मान वर न करताच म्हणालीस, "इंद्रायणी तुळापूरला भीमेलाच मिळती की. आला आसंल दादा घरी, कवाच."

पाऊस लागायच्या आत येते. पिन तेवढी जपून ठेव.

तुझीच,
दादाची लेक