पहिली ते तिसरीच्या मुलांचा वाचनाचा तास राखून ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी, यावरून २०२५ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्र ढवळून निघाला. २९ जूनला सरकारने त्याबाबतचे दोन्ही शासन निर्णय मागे घेतले आणि चर्चा थंडावली. त्या काळात मी रोज वर्तमानपत्रे बारकाईने वाचत होते. दुसरी-तिसरीच्या मुलांना पहिली भाषा, म्हणजे मराठी, वाचता येते का, हा प्रश्न मात्र फार थोड्यांनी विचारला. माझी सगळी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत झाली, त्यातली बहुतेक वर्षे पहिली-दुसरीवर. निवृत्त झाल्यावरही जवळच्या शाळेत वाचनात अडलेल्या मुलांना घेऊन बसते. त्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे.

मुलांचे वाचन-गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकतात. २०२२ मध्ये हे प्रमाण १६.३ टक्के होते. म्हणजे सुधारणा झाली आहे, ती शिक्षकांनीच केली आहे आणि त्याबद्दल त्यांचे कौतुक व्हायला हवे. तरीही चारातली तीन मुले मागे राहतात. केंद्राने ५ जुलै २०२१ रोजी ‘निपुण भारत’ हे पायाभूत वाचन-गणिताचे अभियान सुरू केले. २०२६-२७ पर्यंत तिसरी पूर्ण करणारे प्रत्येक मूल समजून वाचेल, मिनिटाला किमान ६० शब्द वाचेल, असे त्याचे उद्दिष्ट आहे. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण बाराखडीतच अडकलेले मूल तिथवर कसे पोचणार, हे ज्याने त्याने आपापले शोधायचे.

अडलेले मूल ओळखणे वाटते तितके सोपे नसते. ते गप्प बसलेले नसते, उलट धडा घडाघडा म्हणून दाखवते. चित्र हाताने झाका आणि ओळीतल्या मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवा. मूल ओळीच्या सुरुवातीपासून पुटपुटत त्या शब्दापर्यंत येते. त्याला धडा पाठ आहे, वाचता येत नाही. पहिलीच्या दिवाळीनंतर हे लक्षात आले तर हाताशी भरपूर वेळ असतो. तिसरीत लक्षात आले तर तोवर गणितातली शाब्दिक उदाहरणे, परिसर अभ्यास, सगळेच हातचे गेलेले असते.

दुसऱ्या काही मुलांना सगळी मुळाक्षरे येतात, बाराखडीही येते, पण ओळीने म्हटली तरच. ‘शिदोरी’ हा शब्द समोर आला की ती म्हणतात, ‘श ला पहिली वेलांटी शि, द ला काना एक मात्रा दो, र ला दुसरी वेलांटी री’. एवढे म्हणून होईपर्यंत पहिला ‘शि’ डोक्यातून निघून गेलेला असतो. अशा मुलाला पुन्हा बाराखडी लिहून आणायला सांगण्याने काहीही होत नाही. त्यात आपल्या लिपीची वळणे आहेत. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर. रफार डोक्यावर असतो पण बोलायचा आधी. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत फरक केवढासा, तर एका गाठीचा. मोठ्यांची नजर सरावलेली असते, त्यामुळे यात अवघड काय आहे हेच त्यांना दिसत नाही. मग मूल ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो.

अजूनही कितीतरी वर्गांत आधी संपूर्ण मुळाक्षरे, मग एकेक मात्रा आणि मग वाक्ये, हाच क्रम चालतो. त्यामुळे पहिले कित्येक महिने मूल बदक, मगर, नळ यांतच फिरत राहते. त्याच्या तोंडातले शब्द असतात आई, पाणी, भाकरी, शेळी, माझी, नको. बिनमात्रेचे मराठी घरात कोणी बोलतच नाही. याउलट क, म, न, ल, ह एवढी पाच अक्षरे आणि सोबत काना व दुसरी वेलांटी शिकवली, तर काही आठवड्यांतच मूल ‘नानाला काम नाही’ हे वाक्य स्वतःचे स्वतः वाचते. वाचते आणि हसते. ते हसू महत्त्वाचे, कारण अर्थ पोचल्याशिवाय ते येत नाही. अक्षरांचे छोटे गट मात्रांसकट शिकवण्याची ही पद्धत मी शोधलेली नाही. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी स्थापन केलेल्या फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेने आणि पालघर जिल्ह्यातल्या ‘क्वेस्ट’ या संस्थेने मराठी वाचन कसे शिकवावे यावर वर्षानुवर्षे मुलांबरोबर काम केले आहे. हे सगळे मराठीतच, आपल्याच मातीत झालेले काम आहे. ते प्रत्येक पहिलीच्या शिक्षकापर्यंत का पोचू नये?

एक गोष्ट इथे आवर्जून सांगते. मुलाने ‘पाणी’ हा शब्द ‘पानी’ असा वाचला, तर त्याने बरोबर वाचले आहे. शब्द ओळखला, अर्थ कळला आणि घरात बोलतात तसा उच्चारला. तिथेच त्याला थांबवून ‘ण म्हण, ण’ असे चारदा घोकायला लावले, की पुढच्या ओळीला ते तोंड उघडत नाही. अहिराणी, वारली, पावरी, कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना तर प्रमाण मराठीतला मजकूर ऐकून समजायलाच आधी वेळ द्यावा लागतो. न समजणारी भाषा वाचायला शिकवता येत नाही.

आता मूळ मुद्दा. या मुलांना रोज वेळ मिळाला पाहिजे, आणि ठरलेला मिळाला पाहिजे. मुंबई आणि बडोद्यात ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या बालसखी उपक्रमात वस्तीतलीच तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वेगळे घेऊन शिकवत असे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची शास्त्रशुद्ध तपासणी केली, तेव्हा मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. पण उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच भाग ओसरला, हेही त्याच तपासणीत दिसले. अभियान येते आणि जाते, मुलाला मात्र रोज कोणीतरी शेजारी बसलेले हवे असते.

द्विशिक्षकी शाळेत दोन शिक्षक, चार इयत्ता. त्यात मतदार याद्या, सर्वेक्षणे, पोषण आहाराच्या नोंदी आणि ‘माहिती त्वरित पाठवा’ असे मोबाइलवर येऊन पडणारे संदेश. मी ते दिवस काढले आहेत. वर्ग सुरू असताना फळ्याकडे पाठ करून तक्ते भरणाऱ्या शिक्षिकेला मी दोष देणार नाही. म्हणून शिक्षण खात्याकडे माझी मुख्य मागणी अशी आहे. परिपाठानंतरचा पहिला तास पहिली ते तिसरीसाठी फक्त वाचनाचा असावा. त्या तासात सभा नको, माहिती मागवणे नको, अधिकाऱ्यांची भेटही नको. आलेच तर त्यांनी एका मुलाला जवळ घेऊन वाचायला बसावे. तासात मुलांचे गट इयत्तेने न करता ती कुठे अडली आहेत त्यावरून करावेत: अक्षरात, मात्रेत, जोडाक्षरात की सलग वाचनात. आणि याचा लेखी आदेश काढावा, कारण तोंडी आदेश पहिल्याच निवडणुकीत वाहून जातो.

आमच्या भागात कारखान्याचा भोंगा वाजला की ऊसतोड कामगारांची मुले येतात. वर्षाच्या मध्येच आल्यामुळे कोणत्याच चाचणीच्या यादीत ती नसतात, आणि हंगाम संपला की निघून जातात. गट पातळीनुसार असतील तर अशा मुलालाही आल्या दिवशी बसायला जागा मिळते.

प्रत्येक अडलेल्या मुलाला अध्ययन अक्षमता असते असे नाही, पण काहींना असते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ती मान्य केली आहे. त्याआधी साध्या गोष्टी पाहाव्यात. मुलाला फळा दिसतो का? दोन्ही कानांनी ऐकू येते का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येते, त्या दिवशी वाचनात मागे असलेली मुले सर्वांत आधी पुढे करावीत. ‘होईल मोठा झाला की’ म्हणून वाट पाहू नये.

शाळांत गोष्टींची पुस्तके नाहीत असे नाही, आहेत. पण कपाटाला कुलूप असते, कारण पुस्तक साठा नोंदवहीवर चढलेले असते आणि फाटले तर जबाब मुख्याध्यापकांनी द्यायचा. पहिलीच्या मुलाच्या हातात पुस्तक फाटणारच. वापरून फाटलेली बालपुस्तके दरवर्षी विनाचौकशी निर्लेखित करण्याचा, म्हणजे नोंदवहीतून कमी करण्याचा, अधिकार मुख्याध्यापकांना द्या, कुलपे आपोआप निघतील.

आणि एक विनंती आपल्याला, संपादक महोदय. आपल्या बालपुरवणीतला मजकूर चौथी-पाचवीच्या पुढच्या मुलांसाठी असतो. आठवड्यातून एकदा त्यात आठ-दहा ओळींची एखादी गोष्ट छापाल का? टाइप ठळक आणि मोठा, शब्द घरातले, जोडाक्षरे नाहीत. गावात अंक येतोच. ती गोष्ट कापून पुठ्ठ्यावर चिकटवायचे काम आम्ही करू.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका
जि. सातारा