‘जाहिरात’ हा शब्द वाचता येईल एवढा तरी छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मराठी शिकवते. प्रसारमाध्यमांचा पेपर आमच्याकडे मराठी विभागाच्याच वाट्याला येतो, त्यामुळे गेली अकरा वर्षं तोही मीच घेते. गेल्या आठवड्यात वर्गात जे झालं ते तुमच्या कानावर घालायचं आहे.

‘जाहिरातीचे प्रकार सांगा’ हा प्रश्न परीक्षेत हमखास येतो. मुलं गाइडमधून पाठ करतात, घडाघडा लिहितात आणि मार्कही मिळवतात. मीही इतकी वर्षं तसंच शिकवत आले. यंदा मात्र आधी पेपर हातात द्यायचा असं ठरवलं. आमच्या पेपरवाल्याकडे एका दैनिकाच्या एकाच दिवसाच्या बारा प्रती उरल्या होत्या, त्या उचलल्या आणि तिघांत एक अशा वाटल्या. सोबत दोन स्केचपेनं. बातमीला हिरवी चौकट करायची, जाहिरातीला लाल.

सराफाची, साबणाची, बँकेच्या लिलावाची जाहिरात सगळ्यांनी बरोबर ओळखली. आतल्या पानावर गुडघेदुखीच्या उपचारांवर तीन कॉलमी मजकूर होता. डॉक्टरांचा फोटो, बऱ्या झालेल्या दोन रुग्णांचे अनुभव, मथळा बातमीसारखा, टाइपही बातमीचाच. बारापैकी दहा गटांनी त्याला हिरवी चौकट केली. वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘जाहिरात’ असं छापलेलं होतं. एका मुलानं कंपासमधली पट्टी लावून मोजलं. मथळ्याचं अक्षर बारा मिलिमीटर, ‘जाहिरात’ जेमतेम दोन. त्याच पानावर खाली एका शोरूमच्या उद्घाटनाचा मजकूर होता, सुरुवातीला गावाचं नाव आणि पुढे ‘वा. प्र.’. मी विचारलं, वा. प्र. म्हणजे काय? ‘वार्ताहर प्रमुख’, एकानं सांगितलं. वाणिज्य प्रतिनिधी हे एकालाही ठाऊक नव्हतं. कुठून असणार? पेपरात त्याचा अर्थ कधी छापलेला मी तरी पाहिलेला नाही.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. म्हणाली, “मॅडम, असंच काहीतरी वाचून माझी आई गेली होती.” आई डाळिंबाच्या बागेत रोजंदारीवर जाते. जिल्ह्याच्या गावी जाऊन तिनं अकरा हजारांचं पॅकेज घेतलं, निम्मे पैसे बचत गटातून उचलून. गुडघा होता तसाच आहे. “पेपरात आलंय म्हटल्यावर खरंच असणार, असं आई म्हणाली,” एवढं बोलून ती खाली बसली. त्यानंतर वर्गात कुणी काही बोललं नाही. मलाही पुढे काय शिकवावं ते सुचेना.

मला हे इतकं का लागलं तेही सांगते. दरवर्षी मी वर्गात रैनपाड्याची घटना घेते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या त्या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं ती, बहुतेक आमच्या शेजारच्या मंगळवेढा तालुक्यातली. त्या वर्षी देशभर मोबाइलवरून फिरलेला मूल पळवण्याचा एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेला होता. मोटारसायकलवरचे दोघं मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढाच शेवट काढून टाकला होता. हे सांगून झालं की मी मुलांना म्हणते, फोनवर आलेलं खरं मानू नका, खात्री करायची तर पेपर बघा. म्हणजे मुलांना तुमच्याकडे पाठवणारी मीच आहे.

जाहिरात बातमीच्या वेशात छापण्याचा हा रोग नवा नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एकाच नेत्याचा गौरव करणारा मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत शब्दशः सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते चव्हाट्यावर आणलं. वृत्तपत्रांच्या आचरणावर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची समिती नेमली, तिनं पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांचा सविस्तर अहवाल दिला. कौन्सिलनं २०१० मध्ये त्याची काटछाट केलेली आवृत्तीच बाहेर काढली, मूळ अहवाल माहिती अधिकारामुळे २०११ मध्ये लोकांपुढे आला. जाहिरात ही बातमीपेक्षा वेगळी आहे हे वाचकाला स्पष्ट कळलं पाहिजे, असं कौन्सिलच्या आचारसंहितेतच आहे.

माझा एक जुना विद्यार्थी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर आहे. हुशार मुलगा, बातमीचा नाद असलेला. तो सांगतो, “मॅडम, बातमीचं मानधन पेट्रोललाही पुरत नाही, घर चालतं जाहिरातीच्या कमिशनवर.” पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी आली की त्याला टार्गेट मिळतं. ज्या सरपंचाकडे जाहिरातीसाठी जायचं, त्याच्याच ग्रामपंचायतीतला घोळ त्यानं छापायचा कसा? या प्रश्नाचं उत्तर माझ्या पुस्तकात नाही. ६ जानेवारीला, ‘दर्पण’ या पहिल्या मराठी वृत्तपत्राच्या आठवणीत, आम्ही कॉलेजात पत्रकार दिन करतो आणि त्याला शाल-श्रीफळ देतो. यंदा ते देताना मला त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

जाहिरातीशिवाय पेपर चालत नाही हे मला कळतं. कागदाचा भाव, छपाई, वाटप यांच्या मानानं पेपर आम्हाला स्वस्तात मिळतो तो जाहिरातींमुळेच. माझी मागणी तेवढीच आहे. पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द मथळ्याच्या निम्म्या आकारात तरी, चौकटीत आणि डाव्या बाजूला छापा, कारण वाचायला सुरुवात तिथूनच होते. ‘वा. प्र.’ऐवजी पूर्ण शब्द लिहा. औषधोपचाराच्या मजकुराला तर बातमीचा टाइप वापरूच नका.

आणखी एक विनंती. आमच्या मुलांना एक दिवस तुमच्या कार्यालयात येऊ द्या. संपादकीय विभाग आणि जाहिरात विभाग, दोन्हींतलं एकेक माणूस त्यांच्यासमोर एकत्र बसावं, एवढंच हवं आहे. सकाळच्या एसटीनं निघालो तर साडेदहापर्यंत पोचतो. मुलं छत्तीस आहेत, डबे घेऊनच येतील, आणि त्या दिवशीचे बारा पेपर व स्केचपेनं मी बरोबर आणते.

आपली,
एक प्राध्यापिका, मराठी विभाग
(नाव-पत्ता सोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)