रेकॉर्ड प्लेअर मंद फिरतो, आणि तुमच्या मते क्लासिकल स्लोच असतं

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक
आणि ग्राहक सेवा विभागाचे प्रमुख
(दोघांनाही एकच पत्र, म्हणजे 'ते खातं माझ्याकडे नाही' म्हणायला जागा नको.)

विषय : बेल्ट ड्राइव्ह रेकॉर्ड प्लेअरला ६० हर्ट्झची पुली बसवून भारतात विकल्याबाबत

महोदय,

तुमच्या प्रतिनिधीने आत्ताच फोन ठेवला. ठेवण्यापूर्वी 'आणखी काही मदत करू का, सर?' असं विचारलं. पहिली मदत अजून व्हायची आहे, हे सांगायच्या आत लाईन कट. म्हणून आता लेखी.

यंत्र तुमचंच आहे, तेव्हा त्याची ओळख करून देत बसत नाही. आत एसी सिंक्रोनस मोटर आहे. ती विजेच्या फ्रिक्वेन्सीच्या तालावर फिरते, व्होल्टेज कमीजास्त झालं तरी तिचा वेग तोच राहतो. भारतात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०. मोटरच्या दांड्यावर पुली असते आणि तिच्यावरून जाणारा बेल्ट तबकडी फिरवतो. तिथे मोटर जास्त वेगाने फिरते म्हणून तिला लहान पुली लागते, इथे मोठी. तुमच्याच माहितीपुस्तिकेत दोन्ही पुल्यांचं चित्र आहे. माझ्या यंत्रात बसवलेल्या पुलीच्या खाली, चष्मा लावून पाहिलं तर नीट वाचता येईल असा, '६०' हा आकडा कोरलेला आहे. फोटो जोडला आहे. अडॅप्टरवर मात्र २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं ठळक छापलंय. म्हणजे खोक्यातल्या एका वस्तूला ती कुठे चालली आहे हे माहीत होतं, दुसरीला नव्हतं.

परिणाम असा. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे तीन मिनिटांत बरोबर १००. मी तबकडीच्या कडेला कागदाची चिठ्ठी चिकटवून, घड्याळ समोर ठेवून मोजलं. तीन मिनिटांत ८३. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालते. स्ट्रोब डिस्कही, म्हणजे वेग तपासायची रेघांची चकती, लावून पाहिली. वेग बरोबर असेल तर ५० हर्ट्झच्या विजेवर १८० रेघांचं वर्तुळ, त्याच विजेच्या तालावर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली, स्थिर दिसायला हवं. एलईडीखाली भरवसा वाटेना, म्हणून देवघरातला जुना पिवळा बल्ब काढून आणला. रेघा उलट्या दिशेने पळत सुटल्या.

आणि हे काहीही मोजलं नसतं तरी चाललं असतं. मी पहिल्यांदा रेकॉर्ड लावली तेव्हा आई आतल्या खोलीत पडली होती. तिथूनच तिने विचारलं, 'हो कोण दादलो गायता?' रेकॉर्ड बाईंची होती. कोणत्या बाईंची ते इथे मुद्दामच लिहीत नाही. तुमच्या प्रतिनिधीने त्यांच्याबद्दल जे उद्गार काढले ते खाली येणार आहेत, आणि त्यांचे चाहते तुमच्या ऑफिसवर यायला नकोत. मी देवळात भजनाला पेटी वाजवतो. पेटी काढली. फोनवर तेच ध्वनिमुद्रण लावलं, षड्ज, म्हणजे गाण्याचा मूळ सा, पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर, काळी चार. तुमच्या यंत्रावर पांढरी चार, आणि तीही किंचित उतरलेली. ६० च्या जागी ५० म्हणजे षड्जापासून कोमल गंधार जितका वर, बरोबर तितका आवाज खाली. गणित तंतोतंत जुळतं. तेवढं एकच तुमच्या मालात तंतोतंत आहे.

हे सगळं फोटो, व्हिडिओ, आकड्यांसकट मी ई-मेलने कळवलं. उत्तर आलं : 'आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद.' नंतर तक्रार 'यशस्वीरीत्या सोडवली' म्हणून बंद. कोणी सोडवली, केव्हा, कुठल्या गावात, ते मला कळलेलं नाही. पुन्हा तक्रार नोंदवली, पुन्हा बंद. म्हणून फोन.

आता तो फोन. शक्य तितका शब्दशः लिहितो, कारण तुमच्याकडे 'प्रशिक्षणासाठी' रेकॉर्ड केलेला आहेच, ताडून बघता येईल. बघताना योग्य वेगाने लावा.

आधी पत्ता विचारला. फोंडा, गोवा म्हटल्यावर, 'ओ, गोवा! व्हेकेशनवर आहात का, सर? परमनंट ॲड्रेस देता का?' हाच परमनंट, म्हटलं. आमच्या कितीतरी पिढ्या इथल्याच. 'बीच साइडला आहे का, सर?' फोंड्याला बीच नाही, देवळं आहेत. 'ओके सर, म्हणजे इंटिरिअर.' ठीक आहे, इंटिरिअर.

मग अडचण विचारली. तबकडी मंद फिरते, म्हटलं.
'इंटरनेट स्लो आहे का, सर?'
रेकॉर्ड प्लेअरला इंटरनेट लागत नाही.
'ब्लूटूथने कनेक्ट केलंय की वायरने?'
वायरने, पण त्याचा इथे संबंध नाही, पुली चुकीची आहे.
'एक मिनिट होल्ड करा, सर.' होल्डवर तुमची जाहिरातीची धून. ती मात्र योग्य पट्टीत होती.
परत आल्यावर, 'सर, कुठलं म्युझिक प्ले करताय?'
शास्त्रीय. ख्याल.
थोडा वेळ कळफलक वाजल्याचा आवाज. मग, अगदी समजूत घालणाऱ्या सुरात :
'सर, पण क्लासिकल स्लोच असतं ना?'

महोदय, या वाक्यानंतर मी किती वेळ गप्प होतो ते तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये मोजता येईल. त्याला वाटलं मला पटलं. तो पुढे म्हणाला, 'एखादं फास्ट साँग लावून चेक करा.' लावलं. एक नाट्यगीत लावलं, तिथेच, फोन कानाला धरून. 'आवाज येतोय का, सर?' येतोय. 'मग प्रॉडक्ट वर्किंग आहे, सर.' मी म्हटलं, अहो, बाईंचा आवाज पुरुषासारखा येतोय. त्यावर, 'जुन्या सिंगर्सचा आवाज जाडच असायचा, सर. मॅडमचा ओरिजिनल व्हॉइसच तसा असेल.'

असेल! जिने उभी हयात गळा घासला त्या बाईला स्वतःची पट्टी कळत नव्हती, ती तुमच्या कॉल सेंटरला कळली. विलंबित लय म्हणजे काय, हे मी त्या मुलाला शिकवावं अशी अपेक्षा नव्हती. पण लय विलंबित केली म्हणून कुणाचा षड्ज खाली येत नाही, आणि रेकॉर्ड मंद फिरली की लय आणि सूर दोन्ही एकदम घसरतात, एवढं तरी रेकॉर्ड प्लेअर विकणाऱ्या कंपनीत एखाद्या माणसाला ठाऊक असावं. मुलाचा दोष कमीच. त्याच्या पडद्यावर जे येतं ते तो वाचतो. त्या पडद्यावर काय यावं हे ठरवणाऱ्यांना हे पत्र आहे.

शेवटी त्याने तुमच्या ॲपची तीन महिन्यांची फुकट वर्गणी देऊ केली. 'तिथे हेच साँग हाय-रेझोल्यूशनमध्ये आहे, सर, रेकॉर्डपेक्षा क्लिअर.' तिथे आहे, हे खरं. मी पाहिलं. काळी चारमध्ये आहे. म्हणजे तुमच्या यंत्राविरुद्धचा पुरावा तुमच्याच ॲपवर ठेवलेला आहे.

एक स्पष्ट करतो, नाहीतर पुढच्या फोनवर तोच वाद निघेल. 'डिजिटलमध्ये जीव नाही, विनाइलच खरं' म्हणणाऱ्यांतला मी नाही. माझ्याकडे फ्लॅक फाइलींनी भरलेली हार्ड डिस्क आहे आणि प्रवासात मी एमपी३ सुद्धा आनंदाने ऐकतो. पण घरात वडिलांनी जमवलेल्या रेकॉर्डी आहेत. दर पावसाळ्यात त्यांच्या कव्हरांची बुरशी पुसत आम्ही त्या टिकवल्या. त्यांतल्या काही कुठल्याच ॲपवर नाहीत. त्या संगणकावर उतरवून घ्यायच्या म्हणून यूएसबी असलेलं तुमचं मॉडेल घेतलं. तीस हजारांवर मोजले.

त्यावर तुमच्या 'टेक्निकल एक्स्पर्ट'चं उत्तर मिळालं ते तर जपून ठेवण्यासारखं आहे. तो म्हणाला, यूएसबीने रेकॉर्ड करा आणि सॉफ्टवेअरमध्ये स्पीड २० टक्के वाढवा. बरोबर २०! ५० चे ६० करायला नेमके तेवढेच लागतात. म्हणजे दुखणं कुठे आहे हे त्याला अचूक ठाऊक होतं. तरीही फोनवरचा तो मुलगा मला बाईंच्या आवाजाबद्दल ज्ञान देत होता.

आणि तो उपायही खोटा आहे. एलपी कापताना खर्ज दाबतात आणि तार सप्तकाकडचा भाग उचलतात. वाजवताना फोनो प्रीअँप ते उलटं करून समतोल परत आणतो. ही आरआयएए दुरुस्ती ठरावीक फ्रिक्वेन्सींना बांधलेली असते. रेकॉर्ड मंद फिरली की १००० हर्ट्झचा स्वर ८३३ वर येतो, आणि दुरुस्ती भलत्याच जागी होते. मागाहून वेग वाढवून पट्टी सुधारेल, पण तानपुऱ्याची जवारी आणि तबल्याच्या शाईचा नाद जिथे होते तिथे परत जाणार नाहीत. सीडीला १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ पुरतात. तुमचं यंत्र २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ देतं अशी जाहिरात आहे. चुकीचा आवाज इतक्या बारकाव्याने टिपून मी काय करू?

१९७७ साली नासाने व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली रेकॉर्ड पाठवली. तिच्यात आमच्याच फोंडा तालुक्यातल्या केरी गावच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी आहे. ती रेकॉर्ड मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची. ती कोणाला सापडेल, त्याला घड्याळ कळेल की नाही, कशाचाच पत्ता नाही. म्हणून त्यांनी कव्हरवर हायड्रोजनच्या अणूवरून वेळेचं माप कोरलं आणि एका फेरीला किती वेळ लागला पाहिजे ते चित्राने सांगितलं. ३.६ सेकंद. सोबत सुई आणि काट्रिजसुद्धा दिलं. त्यांनी परग्रहावरच्या श्रोत्याचा एवढा विचार केला. तुम्हाला फोंड्याच्या श्रोत्यासाठी खोक्यात दुसरी पुली टाकणं जमलं नाही. आमची केरी तुम्हाला जास्त लांब पडते का?

आता वॉरंटी. पुलीवरचा आकडा मी सांगितला तेव्हा 'तुम्ही मशीन ओपन केलंत का, सर?' असं विचारून वॉरंटी रद्द होऊ शकते अशी भीती घालण्यात आली. तबकडी उचलली की पुली समोर दिसते. बेल्ट तिच्यावर ग्राहकाने स्वतः चढवायचा असं पुस्तिकेत लिहिलंय. तुमच्या सूचनेप्रमाणे बेल्ट चढवला म्हणून वॉरंटी जाणार असेल तर तसं खोक्यावर छापा.

त्यावर कडी म्हणजे सर्व्हिस सेंटर. सगळ्यात जवळचं पुण्यात. यंत्र मूळ खोक्यात, मूळ थर्मोकोलसकट, माझ्या खर्चाने पाठवायचं. टोनआर्म बांधा, काउंटरवेट काढा, काट्रिज काढा, आणि वाटेत काही मोडलं तर जबाबदारी ग्राहकाची. कशासाठी? बोटाच्या पेराएवढ्या धातूच्या तुकड्यासाठी. तो पाकिटात घालून साध्या पोस्टाने आला तरी मी बसवून घेईन. पुली पाठवा, एवढंच मी पहिल्या ई-मेलपासून म्हणतो आहे. पुली पाठवा. यंत्र नको, माणूस नको, ॲप नको, सवलतीचं कूपन तर अजिबात नको.

तुमच्या कंपनीचा टेप डेक आमच्या घरात माझ्या लहानपणापासून होता. दमट हवेत, लाईट येता-जाता, वर्षानुवर्षं चालला. चवथीच्या दिवसांत सकाळी सहाला सुरू व्हायचा तो रात्री आरतीनंतर बंद. त्या नावावर विसंबून मी दुकानात दुसरं काही पाहिलंसुद्धा नाही. दुकानदाराने दुसरं मॉडेल दाखवलं, मीच नको म्हटलं. आता त्याच्या समोरून जाताना तो हसतो. तुम्ही नाव तेच ठेवलंत आणि त्यामागची माणसं घरी पाठवलीत, असं मला वाटायला लागलंय. चुकीचं वाटत असेल तर दाखवून द्या.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत ५० हर्ट्झची पुली माझ्या पत्त्यावर पोहोचली पाहिजे. न पोहोचल्यास पूर्ण रक्कम परत करायची आणि यंत्र तुमच्या खर्चाने, तुमच्या माणसाने येऊन न्यायचं. तेही न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे ग्राहक राहतो तिथेच तक्रार दाखल करता येते, तेव्हा घाट चढून-उतरून खेपा घालायच्या त्या तुमच्या वकिलांनी. आणि इतक्या रकमेच्या तक्रारीला फीही पडत नाही, हे मी विचारून ठेवलंय. आयोगासमोर यंत्र लावून दाखवायची परवानगी मागणार आहे. पेटी मी घेऊन येईन. तुमच्यातर्फे 'क्लासिकल स्लोच असतं' हे शपथेवर सांगायला कोण येणार, ते ठरवून ठेवा.

आपला ग्राहक
(अजून तरी),
फोंडा, गोवा

सोबत : बिलाची प्रत, पुलीच्या खालच्या बाजूचा फोटो, बंद केलेल्या तक्रारींचे मेसेज, आणि चिठ्ठी लावलेल्या तबकडीचा तीन मिनिटांचा व्हिडिओ. व्हिडिओ पूर्ण बघावा. फेरे मोजायला कोणालाही बसवलं तरी चालेल, फक्त ग्राहक सेवेतलं नको.