सूचना : अर्धवट कथा घेऊनच या

सर्व सदस्यांना नमस्कार,

रविवारची कथावाचनाची बैठक ठरल्याप्रमाणे होणार आहे. "कथा पूर्ण झाली नाही, म्हणून येत नाही" असे निरोप चौघांकडून आले आहेत. कृपया असे करू नका. जेवढे लिहून झाले असेल तेवढे घेऊन या, अर्धे पान असले तरी चालेल.

बहुतेक कथा मध्यावर अडतात. सुरुवातीची उमेद ओसरलेली असते आणि शेवट अजून दिसत नसतो. माझी एक नायिका हातात पत्र घेऊन तीन आठवडे दारातच उभी होती. शेवटी तो प्रसंग सोडून मी पुढचा लिहिला, तेव्हा कळले की पत्र तिने उघडायचेच नव्हते. अडलात तर तुम्हीही पुढच्या प्रसंगावर उडी मारा. मधली जागा नंतर भरता येते.

रोज ३०० शब्द लिहिले, तर २०० दिवसांत ६०,००० शब्द होतात, म्हणजे कादंबरीचा पहिला खर्डा. त्यातले बरेच पुढे खोडावे लागेल, पण खोडायला आधी काहीतरी लिहिलेले हवे ना! रोजचे लिखाण थांबवताना पुढच्या वाक्याचे दोन-तीन शब्द लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानाची धास्ती वाटत नाही.

संपादकांकडून साभार परत आलेल्या कथाही जरूर आणा. त्या आपण सगळ्यांत आधी वाचणार आहोत.

प्रत्येकाला दहा मिनिटे मिळतील. वाचणाऱ्यांनी आपली नावे शुक्रवारपर्यंत कळवावीत.