पोरं बाहेर पडली तर लिहितील, त्यासाठी थोडा हातभार लावा

मंडळी नमस्कार, आपल्या गावच्या वाचनालयाकडून हे आवाहन आहे. जरा लांबलंय, पण वाचा आणि गावाबाहेर असलेल्या आपल्या माणसांनाही पाठवा.

शाळेत 'माझा आवडता ऋतू' निबंध आला की पोरं काय लिहितात ते आपल्या सगळ्यांना पाठ आहे, बेडूक डरांव डरांव करतात, मोर पिसारा फुलवून नाचतो. कृष्णाकाठच्या पोरानं मोर गाईडातनं उचलायचा आणि दारात आलेल्या पुराबद्दल एक ओळ लिहायची नाही, यात त्याचा काय दोष? ते पण लिहायचं असतं असं त्याला कुणी सांगितलंच नाही. म्हणून मागच्या हिवाळ्यात आम्ही सहावी ते नववीच्या पोरांना रविवारी सकाळी बाहेर न्यायला लागलो. आधी बराच वेळ नुसतं बघायचं, ऐकायचं, मग जिथं असू तिथंच फतकल मारून लिहायचं नाहीतर चित्र काढायचं. विषय द्यायचा नाही आणि नंबर तर अजिबात काढायचे नाहीत.

सागरेश्वरला गेलो तेव्हा बऱ्याच पोरांना पहिल्यांदाच कळलं की हे जंगल माणसांनी उभं केलंय. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि त्यांच्यासोबतच्या लोकांनी बोडक्या डोंगरावर झाडं लावली, राखली, १९८५ ला त्याचं अभयारण्य झालं, क्षेत्र म्हणाल तर जेमतेम १०.८७ चौरस किलोमीटर पण चितळ आहे, सांबर आहे. वरनं खाली कृष्णा वळणं घेत जाताना दिसते, आजूबाजूला नुसता ऊस आणि द्राक्षबागा. तिथं बसून दिसतंय त्याचा नकाशा काढा म्हटलं तर निम्म्या पोरांनी आधी आपलं घर कुठं असेल ते शोधलं आणि मग त्याच्या बाजूनं नदी काढली, मला तर हे भूगोलाच्या पुस्तकापेक्षा बरोबर वाटलं.

मगरींचं तर विचारूच नका. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगर आहे हे घरोघरी माहीत, त्यामुळं पोरांना नदीकडं जाऊ देत नाहीत आणि ते बरोबरच आहे. आम्ही पण काठावर उतरवत नाही, लांबनं उंचावरनं दुर्बिणीतनं दाखवतो. थंडीत ऊन खायला ती गाळावर येऊन पडते. एका सातवीतल्या पोरीनं लिहिलं, "मगर झोपली नव्हती, आम्ही कंटाळून जावं म्हणून झोपल्यासारखं करत होती." आता हे वाक्य कुठल्या गाईडात मिळणार सांगा!

रंगांचं पण तसंच. हळदीची एवढी मोठी पेठ आपल्या सांगलीत, हरिपूरला पूर्वी हळद साठवायला जमिनीतली पेवं असायची, आणि पोरांना पिवळा रंग म्हणजे दुकानातली ट्यूब. हळद पाण्यात कालवली, तिच्यात खायचा चुना घातला की लालभडक होते, हे करून दाखवल्यावर पोरं वेडी झाली. नदीकाठचा काळा गाळ, डोंगराकडचा मुरूम, चुलीतला कोळसा, फेब्रुवारी-मार्चला पळस फुलला की त्याचा केशरी, यावरच बरीचशी चित्रं झाली. (हळदीचे डाग युनिफॉर्मवरनं निघत नाहीत, आयांनो सॉरी.)

सगळ्यात जास्त लिखाण आलं ते पुराचं. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा यातली बरीच पोरं बालवाडी-पहिलीत होती. भिंतीवरची पाण्याची खूण, गोठ्यातनं सोडलेली म्हैस, चुलत्याच्या ट्रॅक्टरमधनं बाहेर पडणं, हे त्यांच्या डोक्यात होतंच, कुणी विचारलं नव्हतं एवढंच. एका पोरानं काही न लिहिता फक्त घराचे पत्रे आणि त्यावर बसलेलं कुत्रं काढलंय, ते चित्र वाचनालयात लावलंय, येऊन बघा.

यंदा ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं पण घ्यायचीयत. त्यांचे आईबाप पहाटेच फडात जातात, त्यामुळं त्यांना खोपीवरनं आणायला आणि परत सोडायला भरवशाचं माणूस लागतं, आणि वही-रंगाचा खर्च त्यांच्यावर टाकायचा प्रश्नच येत नाही.

तर आता मुद्द्याचं. गाडीचं भाडं हा सगळ्यात मोठा खर्च, ४० पोरांना सागरेश्वर किंवा हरिपूरच्या संगमापर्यंत न्यायचं तर एका फेरीला ५-६ हजार सहज जातात. कुणाची शाळेची बस रविवारी रिकामी उभी असेल आणि डिझेलवर देणार असाल तर पैशापेक्षा ते बरं. चित्राचे जाड कागद, लिहायला पॅड, ब्रश, पेन्सिली लागतील. घरात धूळ खात पडलेली दुर्बीण असेल तर द्या, सध्या एकच आहे आणि तिच्यावरनं रोज भांडणं. शेवटी पोरांचं हस्तलिखित निघणार, त्याच्या कलर झेरॉक्स आणि बाईंडिंगचा खर्च कुणी एकट्यानं उचलला तर फार बरं होईल.

पैसे नसले तरी वेळ द्या. ड्रॉइंगचे रिटायर सर, पक्षी ओळखणारं कुणी, पोरांना गोष्ट सांगता येणारी आजी, कुणीही चालेल, फक्त भाषण नको. संक्रांतीला औदुंबरला १९३९ पासून साहित्य संमेलन भरतंय, त्याला पोरांना न्यायचंय, तेव्हा बरोबर चार मोठी माणसं तरी लागतीलच.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर वाईटपणा नको. देणगीदाराच्या फोटोचा बॅनर लागणार नाही, ट्रॉफी आणि सर्टिफिकेट वाटणार नाही. नाव हस्तलिखिताच्या शेवटच्या पानावर पोरांच्याच अक्षरात येईल. हिशोब वाचनालयाच्या फळ्यावर दर महिन्याला लागेल, दहा रुपये दिले तरी पावती घ्या.

दिवाळी झाली की पहिल्या रविवारी निघायचंय. रोख असो की वस्तू, त्याच्या आधी संध्याकाळी वाचनालय उघडं असतं तेव्हा आणून द्या. पोराला पाठवणार असाल तर फॉर्मवर आईवडिलांची सही, पाण्याची बाटली आणि पायात बूट, चप्पल घालून आलेल्याला डोंगरावर नेणार नाही.