फोटो का पाठवत नाही, त्याविषयी

नॉम पेन्ह, कंबोडिया

ती. आई आणि बाबा यांना,
ख्रिस्तात सप्रेम सलाम.

परवा महिला मंडळाच्या सभेत दाखवण्यासाठी आईने इथल्या मुलांचे फोटो मागितले आणि मी नुसतेच "बघते" म्हणाले. ते उत्तर तुम्हांला तुटक वाटले असेल. फोनवर नीट सांगता येईना, म्हणून हे पत्र.

आई, ते फोटो मी पाठवणार नाही. आमच्या केंद्रात येणाऱ्या बायकांपैकी काहींना कामाचे आमिष दाखवून विकले गेले होते, तर काही नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून लेकरांसह घराबाहेर पडल्या आहेत आणि त्यांच्या मागावर असलेली माणसे याच शहरात राहतात. मुलाचा चेहरा एकदा मोबाइलवरून बाहेर गेला की तो कुठवर पोहोचेल, हे आपल्या हातात राहत नाही. ही भीती नसती तरी मी फोटो काढले नसते. गिरणी बंद पडून बाबा घरी बसले होते, तेव्हा कुणी आपल्या चुलीचा फोटो काढायला आले असते तर तू दार लावून घेतले असतेस.

नाताळच्या अर्पणातून इथल्या अनाथ मुलांसाठी रक्कम पाठवण्याचा पाळकसाहेबांचा विचार ऐकून मन भरून आले. पण ज्यांना अनाथ म्हटले जाते, ती मुले बहुधा अनाथ नसतात. २०११ साली युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत, या देशातील अनाथाश्रमांतल्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांचे आई किंवा वडील हयात असल्याचे आढळले होते. गरिबीमुळे आणि तिथे शाळा मिळेल या आशेने आई-बापच मुलाला ठेवून येतात. मग परदेशी पाहुणे येतात, दोन आठवडे त्याला कडेवर घेतात आणि निघून जातात, आणि ते पोर पुन्हा एकदा मागे राहते. म्हणूनच आमच्या केंद्रात मुलांना सांभाळण्याचे काम फक्त इथल्या ख्मेर बायकांकडे आहे. मी मुलांसाठीच आले होते, त्यामुळे सुरुवातीला हा नियम मला फार लागला. आता तो योग्य वाटतो.

माझ्याकडे त्यांच्या आयांचे शिलाईचे काम आहे. एक बाई सहा वर्षे कपड्यांच्या कारखान्यात होती, पण तिने तिथे केवळ बाह्यांचे कफ शिवले होते. अख्खा शर्ट कधीच नाही. आपल्या गणवेशाच्या कारखान्यात मास्तरांनी मला शिकवले तसेच मी तिला आधी कागदावर कापायला लावले. तिचे बाळ शेजारी झोळीत निजलेले असते. इथे क्रमा नावाचा चौकड्यांचा पंचा असतो, त्याचीच ती झोळी. पहिल्या शर्टाची कॉलर किंचित तिरकी बसली. मी काही बोलण्याआधीच तिने दाताने धागा तोडला, शिवण उसवली आणि खडूने नवी खूण करून पुन्हा शिवायला बसली.

बाबा, पुण्याला जाताना दौंडनंतर केडगाव आले की तुम्ही खिडकीतून बोट दाखवून पंडिता रमाबाईंविषयी सांगायचात. १८८९ साली शारदा सदन काढणाऱ्या रमाबाईंनी आसरा दिलाच, पण पुढे केडगावला बायकांच्या हाती छापखान्याचे, अक्षरे जुळवायचे खिळेही दिले. त्या खिळ्यांची आठवण मला इथे रोज येते.

तुम्ही विचारले होते म्हणून सांगते, सकाळच्या प्रार्थनेला बसण्याची सक्ती कुणावर नाही. बहुतेक बायका बौद्ध आहेत. ज्यांना बसायचे त्या बसतात, मदत सगळ्यांनाच मिळते.

तेव्हा अर्पणाची रक्कम पाठवायचीच असेल, तर ती शिलाई मशीनसाठी आणि केंद्रातून बाहेर पडणाऱ्या आईच्या खोलीच्या पहिल्या काही महिन्यांच्या भाड्यासाठी पाठवावी, असे पाळकसाहेबांना माझ्या वतीने सांगा. मूल आईजवळ राहावे, यासाठी तेच पैसे उपयोगी पडतील.

बाबांनी साखरेची तपासणी लांबणीवर टाकू नये. आई, गुडघे दुखत असताना जिना चढू नकोस. पण माझी पत्र्याची पेटी माळ्यावरून शेजारच्या कुणाकडून तरी उतरवून घे. तिच्यात शाळेच्या शर्टांची पेपर कटिंग आहेत, मास्तरांच्या अक्षरात मापे लिहिलेली. त्यांचे फोटो मला लवकर पाठव. पुढच्या सोमवारपासून मुलांच्या मापाचे शर्ट शिकवायचे आहेत.

तुमची लेक